मालकाच्या हातचा घास

पोपटराव जगतापनं आयुष्यात कधी कुणाकडून एका हातानं काही घेतलं नाही. मोठ्या माणसानं दिलेली वस्तू दोन्ही हातांनी घ्यायची, कपाळाला लावायची आणि मगच पिशवीत टाकायची, ही सवय त्याच्या आईनं त्याला पाठीत धपाटे घालून लावली होती. मग ती प्रसादाची साखर असो, मास्तरांनी दिलेली वही असो, नाहीतर पगाराचं पाकीट. आता असल्या चांगल्या सवयीनं माणसाचं वाटोळं होतं, असं कुणी सांगितलं असतं तर तुम्ही त्याला वेड्यात काढलं असतं. पण झालं खरं तसंच.

कतारमध्ये दोहाच्या इंडस्ट्रियल एरियात अबू जियादची गोमांसाची कंपनी आहे. अबू जियाद म्हणजे जियादचा बाप. थोरल्या पोराच्या नावानं बापाला हाक मारायची तिकडं पद्धत आहे, आणि म्हाताऱ्याचं खरं नाव आता त्याच्या पासपोर्टलाच ठाऊक. मूळचा लेबनॉनचा खाटीक. तिकडं लढाई पेटली तेव्हा बायको आणि सुऱ्यांची गुंडाळी घेऊन इकडं आला, जुन्या बाजारात एक गाळा धरला, हाडं कापायचं एक यंत्र घेतलं आणि पहाटे उठून स्वतःच्या हातानं मांस तोडायला लागला. गिऱ्हाईक वाढलं, तसं हॉटेलांना माल पोचवायला एक गार गाडी घेतली. त्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून आला तो सांगोल्याकडचा पोपट.

एजंटानं त्याला 'फूड कंपनी' एवढंच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत गाईच्या अख्ख्या मांड्या आकड्यांना टांगलेल्या दिसल्या. पोपट तिथंच फुटपाथवर बसला. पण बसून करतो काय? एजंटाला दिलेले पैसे गावातल्या सावकाराचे नव्हते, बायकोच्या अंगावरचं सोनं मोडून उभे केलेले होते. उठला, दार लावलं आणि गाडी चालू केली. गाडी त्यानं चालवली, धुतली, आतलं रक्त पाण्याच्या पाइपानं काढलं. पण त्यातला तुकडा कधी तोंडात घातला नाही. जेवण स्वतः रांधायचा, भांडी स्वतःची वेगळी ठेवायचा, आणि गावाकडं विचारलं की सांगायचा, फ्रोझन मालाची गाडी आहे, मटार, कोंबडी, असलं काहीबाही. खरं काय ते फक्त त्याच्या बायकोला, अंजनाला, माहीत. ती ऐकून एवढंच म्हणाली होती, "आईंच्या कानावर जाऊ देऊ नका."

एका गाळ्याची फॅक्टरी झाली. ब्राझीलहून आणि ऑस्ट्रेलियाहून मांसाच्या गोठवलेल्या पेट्यांचे कंटेनर यायला लागले, ते वितळवायची खोली वेगळी, छाटायची वेगळी, खिम्याची यंत्रं वेगळी, बर्गरच्या टिक्क्या थापणारं यंत्र वेगळं. शेजारच्या देशांनी कतारची सीमा बंद केली त्या वर्षी पोपटराव तीन-तीन दिवस बंदरावर पडून राहिला, पण हॉटेलांचा माल त्यानं चुकू दिला नाही. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला तर यंत्रांना गार व्हायला फुरसत नव्हती. ड्रायव्हरचा तो ट्रान्सपोर्ट सुपरवायझर झाला. आणि दर बकरी ईदला अबू जियाद स्वतः सुरी हातात घ्यायचा, चांगल्यातला चांगला तुकडा छाटायचा, पिशवीत भरायचा आणि हाक मारायचा, "बोबात!" अरबांना प येत नाही, त्याला कोण काय करणार. पोपटराव पुढं व्हायचा, दोन्ही हातांनी पिशवी घ्यायचा आणि कपाळाला लावायचा. म्हाताऱ्याला काय आनंद व्हायचा! हा हिंदी माणूस माझ्या मांसाला डोक्यावर घेतो, असं तो येईल त्या पाहुण्याला सांगायचा.

पिशवी संध्याकाळी अल मन्सूरा भागात जायची. तिथं कंपनीचा एचआर मॅनेजर लुईस तुस्कानो राहायचा, वसईचा. त्याची बायको जुडिथ ते मांस त्यांच्याकडच्या बाटलीमसाल्यात शिजवायची आणि पोपटरावाला त्या बदल्यात कोकमं, सुकी मिरची, कधी घरचा नारळाचा केक द्यायची. वर्षानुवर्षं हा व्यवहार बिनबोभाट चालला. वाईट कुणाचंच नव्हतं त्यात.

या वर्षी कंपनीला चाळीस वर्षं झाली. म्हातारा आता व्हीलचेअरवर, सगळा कारभार जियादकडं. जियादनं ठरवलं, आपल्या घराण्याची फिल्म करायची आणि फेसबुकवर टाकायची. काम दिलं लुईसकडं. पोपटरावाच्या कानावर आलं तसा तो लुईसच्या केबिनमध्ये गेला. त्याच्या लेकीचं, संजीवनीचं, लग्न ठरलं होतं. मुलगा गिरीश, कृषी खात्यात नोकरीला, घर जुन्या वळणाचं, पोळ्याला बैलाच्या आधी गाईला ओवाळणारं. महिन्यानं साखरपुडा.

"लुईस साहेब, त्या पिच्चरमधी मला घेऊ नका," तो म्हणाला. "पोरीचं जमलंय. तिकडं कळलं तर मोडंल ओ."

"अरे नाही घेत, बाबा. जा, निश्चिंत जा," लुईस म्हणाला, आणि मोबाइलमधून मानसुद्धा वर केली नाही.

बुधवारी फिल्म लागली. संध्याकाळी पोपटराव कणीक मळत होता तेव्हा अंजनाचा फोन आला. ती रडत नव्हती, ती धापा टाकत होती.

"अहो, काय टाकलंय तुमच्या कंपनीनं? तुमचा फोटू हाय त्यात. मांसाची पिशवी डोक्याला लावलेला!"

त्यानं पिठाच्या हातानंच मोबाइल उघडला. म्हाताऱ्याचा गाळा आला, यंत्रं आली, कंटेनर आले, आणि मग तो आला. तरुण, काळ्या मिशांचा, डोळे मिटलेला, कपाळाला पारदर्शक पिशवी आणि पिशवीत लालभडक तुकडा. खाली इंग्रजीत लिहिलेलं: आमच्या घरचं मांस ज्यानं सर्वांत आधी मस्तकी धरलं. तेवढ्यावरही भागलं असतं, कारण सांगोल्याकडं कोण बघतंय कतारच्या कंपनीचं फेसबुक? पण पोपटरावाचा पुतण्या बाबू पुण्यात आयटीत आहे. त्याला दिसलं. त्यानं आपल्या चुलत्याचा अभिमान वाटून त्याची लिंक सगळ्या गणगोताला पाठवली. वर लिहिलं, प्राउड ऑफ माय काका! धन्य ते शिक्षण आणि धन्य तो पुतण्या.

"गिरीशच्या तात्यांनी अजून बघितलं नसंल," अंजना म्हणाली. तात्या म्हणजे गिरीशचे चुलते, त्या घरात त्यांचाच शब्द चालायचा. "पण कुणीतरी सांगितलंय. उद्या सांजच्याला ते घरी येणार हायेत. तवर ते काढून टाका. काय बी करा, पण काढा. दाखवायला काय नसलं, तर मी म्हणंन दुसऱ्या कुणाचा फोटू हाय. संजू सकाळपासनं जेवली न्हाई ओ."

सकाळी ऑफिस उघडायच्या आधी पोपटराव लुईसच्या दारात उभा होता.

"तुमी म्हणला हुता न्हाई घेत."

"फोटो जियादसाहेबांनी निवडला. मी काय करू?"

"सांगायचं हुतं."

"काय सांगायचं होतं?" लुईसनं दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "की हा माणूस तुमच्या बापाचं मांस कपाळाला लावतो आणि माझ्या घरी आणून देतो? म्हणजे तुझी जाईल ती जाईल, माझी पण नोकरी जाईल. माझी स्टेफी बारावीला आहे. पोपटराव, जरा माझा पण विचार कर."

वर्षानुवर्षं त्या मांसाचं कालवण जेवलेला माणूस हे बोलतोय! पोपटरावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या दिवशी राग परवडणारा नव्हता. "मला आत घेऊन चला," एवढंच तो म्हणाला.

जियाद ऑस्ट्रेलियात शिकलेला, चाळिशीचा, कधी आवाज न चढवणारा. त्यानं पोपटरावाला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पोपटराव त्याच्या तुटक्या हिंदी-अरबीत बोलत होता, अडेल तिथं लुईस इंग्रजीत सांगत होता.

"पण फोटो खरा आहे ना?" जियादनं विचारलं. "तू पिशवी घेतलीस. कपाळाला लावलीस. इतकी वर्षं आमचं मांस खाल्लंस. मग आता लाज कसली?"

इथं पोपटरावानं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पण त्याला वाटलं, खरं सांगितलं तर माणूस समजून घेईल.

"मी खाल्लं न्हाई, साहेब. कधीच न्हाई. आमच्यात चालत न्हाई."

जियादनं चहाचा पेला खाली ठेवला.

"मग कुठं गेलं?"

लुईस फरशीकडं बघायला लागला. पोपटरावानं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "वाटून टाकलं, साहेब." नाव नाही घेतलं. घ्यायला हवं होतं, असं माझं मत आहे, पण तो घेणाऱ्यांतला नव्हता.

"माझा बाप," जियाद हळू आवाजात म्हणाला, "अर्धांगाचा झटका आल्यावर त्याचा उजवा हात गेला. त्या ईदला त्यानं डाव्या हातानं सुरी धरली. आधी बोबातचं, मग घरच्यांचं, म्हणाला. बोट कापून घेतलं त्यानं. आणि तू ते वाटून टाकलंस."

ते खरंच होतं, आणि म्हाताऱ्यावर त्याचा जीव होता हेही खरंच होतं. दोन्ही खरं असतं तेव्हा माणसाला बाजू मांडता येत नाही.

"आज दुपारी जेवण आहे," जियाद म्हणाला. "जुन्या माणसांना बाबा स्वतःच्या हातानं पहिला घास भरवणार आहेत. तू खाशील. खाल्लंस की त्याच मिनिटाला फिल्म खाली येईल. मी तुझ्यावर जबरदस्ती करत नाही. नाही खाल्लंस तर फिल्म राहील, आणि तोच फोटो सलवा रोडवर मोठ्या बोर्डावर लागेल. यल्ला, जा आता. तयारी कर."

तो जबरदस्ती करत नव्हता! बाहेर आल्यावर लुईसनं पोपटरावाच्या खांद्यावर हात ठेवला. "एक घास रे. कुणाला कळणार आहे? तोंड धू आणि विसरून जा." पोपटरावानं तो हात झटकून टाकला.

छाटणीच्या खोलीतल्या इकबालला हे कुणीतरी सांगितलं. इकबाल मांस तोडणाऱ्यांचा मुख्य, हैदराबादचा, आणि दिलदार माणूस. तो पोपटरावाला शोधत पार्किंगमध्ये आला. शेगडीवर मीच आहे, म्हणाला. तुमच्यासाठी मटणाच्या कबाबाची शीग वेगळी लावतो, ताटलीच्या डाव्या कडेला ठेवतो, म्हाताऱ्याच्या डाव्या हाताशी तीच येईल. मटण तर खाता ना? पोपटरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. मटण तो खायचा. जत्रेला बोकड कापणाऱ्यांतला होता तो. त्यानं इकबालचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

दुपारी फॅक्टरीच्या आवारात मंडप घातला होता. पाहुणे, हॉटेलांचे मॅनेजर, कॅमेरेवाले. जियाद माइकवर घराण्याचा इतिहास सांगत होता: एक गाळा, एक यंत्र, एक गाडी. अबू जियादची व्हीलचेअर पुढं आणली. म्हातारा वाळून कोळ झाला होता, पण पोपटरावाला बघताच त्याचं तोंड उजळलं.

"बोबात! हबीबी बोबात!"

इकबालनं ताटली धरली. म्हाताऱ्याच्या डाव्या हाताला डाव्या कडेची शीग बरोबर आली. त्यानं तुकडा ओढला, उचलला आणि अर्ध्या वाटेत थांबला. नाकाशी नेला. सगळं आयुष्य ज्यानं मांसात घालवलं त्याचं अंग गेलं होतं, नाक गेलं नव्हतं.

"हे कोकराचं आहे," तो म्हणाला. इकबालकडं बघून हसला, पोर चुकल्यावर हसतात तसा. "माझ्या बोबातला कोकराचं? ज्यानं माझी पहिली गाडी चालवली त्याला?" आणि त्यानं तो तुकडा बाजूला टाकला, ताटलीच्या मधोमध असलेला जाडजूड तुकडा निवडला, भाकरीत गुंडाळला आणि हात पुढं केला.

जियाद माइक धरून उभा होता, नजर पोपटरावावर. इकबालनं डोळे मिटून घेतले. पोपटरावाच्या मनात काय काय आलं असेल ते त्याचं त्याला माहीत; मला एवढंच माहीत आहे की त्याला संजीवनी दिसली, कालपासून न जेवलेली. त्यानं व्हीलचेअरपुढं गुडघे टेकले आणि तोंड उघडलं.

म्हाताऱ्यानं घास आत सारला. पोपटरावानं चावला. गिळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्यानं आपल्या बाहीनं पोपटरावाचे ओठ पुसले आणि त्याचं डोकं छातीशी धरलं.

नंतर पोपटराव कंटेनरच्या मागं गेला आणि घशात बोटं घातली. नुसत्या कोरड्या ओकाऱ्या आल्या. पोटानं ते धरून ठेवलं होतं, मेलं. तो तिथंच उन्हात तापलेल्या पत्र्याला टेकून रडला, मोठ्यानं, कुणी ऐकेल याची फिकीर न करता. मागून लुईस आला, मोबाइल पुढं धरून.

"काढली बघ फिल्म. साहेबांनी शब्द पाळला. खलास!"

"जावा तुमी," पोपटराव म्हणाला. "परत तुमचं तोंड दाखवू नका मला."

संध्याकाळी फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. पोपटरावानं तोंड धुतलं, स्वच्छ सदरा घातला, केसांना पाणी लावलं आणि खाटेवर ताठ बसून कॉल घेतला. पडद्यावर घरची ओसरी. सतरंजीवर तात्या, शेजारी गिरीश, खांबाला टेकून अंजना, तिच्याजवळ संजीवनी डोक्यावर पदर घेऊन. अंजनाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"रामराम, पाव्हणं," तात्या म्हणाले. "फिरवून बोलत न्हाई. तो व्हिडिओ मी काल रातच्यालाच बघितला. उतरवून घेतलाय, माझ्या मोबाइलमधी हाय."

पोपटराव खाटेवरून अर्धवट उठला.

"घाबरू नका," तात्या म्हणाले. "आमी काय एवढी मागासलेली माणसं न्हाई. परमुलखात माणूस पोटापायी काय बी काम करतो. माझा थोरला भाऊ मुंबैला कातड्याच्या कारखान्यात हुता, आमी काय त्याला टाकला का? तुमी गाडी चालवली, मांस वाहिलं, मालकाचा मान राखला. त्यात पाप न्हाई. पाव्हणं, त्या फोटूचं मला कायबी न्हाई."

अंजनानं तोंडावर पदर धरला. गिरीश हसला. फोटोचं काही नव्हतं. काल रात्रीपासूनच नव्हतं. तो सकाळी लुईसच्या दारात उभा होता तेव्हाही नव्हतं, आणि दुपारी गुडघे टेकले तेव्हाही नव्हतं.

"फकस्त एक," तात्या म्हणाले. "आमच्या घरात म्हातारी हाय. तिच्या मनात किंतू नको. तुमी ते कधी खाल्लं न्हाई एवढं सांगा. लेकीच्या डोक्यावर हात ठिवून सांगा, म्हंजी झालं. तुमचा हात लांब हाय, तर तुमच्या वतीनं वैनी ठिवतील."

"आवं, एका शपथंला शंभर घेतील ते!" अंजना हसत-रडत म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला खोटं बोलावं लागणार नव्हतं. तिनं घाईनं संजीवनीला पुढं ओढलं आणि तिच्या डोक्यावर आपला हात ठेवला. "सांगा ओ. सांगा एकदाचं."

संजीवनीनं मोबाइलकडं बघितलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण आता ती हसत होती, लहानपणी बाप सुट्टीवर आल्यावर हसायची तशी. "पप्पा, सांगा की," ती म्हणाली.

पोपटरावाला वाटलं, सांगावं. आज सकाळपर्यंत नाही, असं सांगावं. दुपारी एक घास, तुझ्यासाठीच गं, असं सांगावं. त्यानं तोंड उघडलं. ओसरीवरची सगळी माणसं त्याच्या तोंडाकडं बघत होती. खोटी शपथ ज्याच्या डोक्यावर घेतात त्याच्या जिवावर बेतते, यावर त्याचा लहानपणापासून पक्का विश्वास होता. त्यावर त्याला कधी शंका आली नव्हती, तेव्हाही आली नाही.

"माझ्या लेकीची शपथ," तो म्हणाला. "गाईचं मांस माझ्या तोंडात कधी गेलं न्हाई."

"मिटलं!" तात्यांनी मांडीवर थाप मारली. "बाप लेकीच्या डोक्यावर खोटं बोलंल व्हय? पेढं आणा, वैनी."

अंजना पेढे आणायला आत पळाली. संजीवनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मोबाइल जवळ घेतला.

"पप्पा, साखरपुड्याला नक्की याल ना?"

"येतो, बाळा," पोपटराव म्हणाला. "जपून ऱ्हा. लई जपून ऱ्हा."